ऐकून घेणारं शहर

प्रयोगशाळेतला संशोधक नियाज मुजावर काचेच्या खोलीत बसून कानडीत बोलत होता आणि बाहेर बसलेल्या पालिका आयुक्त प्रधानांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. दोघांच्या कपाळाला बोटभर रुंदीची पट्टी बांधलेली होती. भिंतीवरच्या पडद्यावर एकच आकडा दिसत होता. चार.

"आता मराठीत," डॉ. इरावती सबनीस म्हणाली.

नियाज आजोळच्या घराला आग लागली होती त्याची हकिगत सांगू लागला. गोठ्यातली म्हैस कशी सोडवली, मामाचे हात कसे भाजले. आकडा चढत चढत ऐंशीच्या वर गेला. तेवढ्यात प्रधानांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो बाहेर काढला नाही. नजर नियाजवरच ठेवली, मानही डोलावली. तरी आकडा घसरून बावीसवर आला.

"मी ऐकत होतो," प्रधान म्हणाले.

"ऐकतोय असं दाखवत होतात, सर. वाईट वाटून घेऊ नका, सगळेच दाखवतात." इरावतीने पट्टी सोडवून हातात घेतली. "बोलणाऱ्याच्या मेंदूत अर्थ जुळताना विद्युतलहरींची एक घडण तयार होते. समोरच्याला ते खरंच समजत असेल, तर तशीच घडण क्षणभराने त्याच्याही मेंदूत उमटते. शब्द नुसते कानावर पडले तर उमटत नाही. या दोन घडणी किती जुळल्या, तो श्रवणांक. ते मोजणारा हा श्रवणमापक."

"आणि पटलं की नाही, तेही दिसतं यात?"

"नाही. समजलं का, एवढंच."

"मग उपयोग काय?"

"सर, अन्याय होतो तो न कळण्यामुळे. दुसऱ्याचं दुःख एकदा आपल्या डोक्यात पोचलं की त्याच्याविरुद्ध हात उचलत नाही."

"हे मात्र मापकाने सिद्ध केलेलं नाही हं," काचेपलीकडून नियाज म्हणाला. तिघंही हसले आणि विषय तिथेच संपला.

मांडवगिरी शहराने नगरसेवकांच्या जोडीला नागरिक सभा सुरू केली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. सोडत काढून शंभर माणसं वर्षभरासाठी सभासद व्हायची. त्यात वकील असत, रिक्षावाले असत, गृहिणी असत. मोठ्या आशेने सुरू झालेल्या या सभेत हळूहळू जुनंच घडू लागलं. झोपडपट्टीतलं कुणी बोलायला उभं राहिलं की सभासद चहा मागवायचे, शेजारच्याशी कुजबुजायचे आणि शेवटी आधीच ठरवलेलं मत देऊन मोकळे व्हायचे. इरावती विद्यार्थी चळवळीतून आलेली. वस्त्या हटवण्याविरुद्ध तिने मोर्चे काढले होते, लाठ्याही खाल्ल्या होत्या. मेंदूचा अभ्यास करायला ती गेली तीसुद्धा याच प्रश्नासाठी. माणसं एकमेकांचं ऐकत का नाहीत?

श्रवणमापक मान्य झाला आणि त्यासोबत श्रवण नियम आला. त्याचा मसुदा इरावतीनेच लिहिला होता. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांचं म्हणणं सभेपुढे मांडलं गेलंच पाहिजे. ते ऐकताना ज्या सभासदाचा श्रवणांक सत्तरच्या खाली राहील, त्याचं मत बाद. निम्म्याहून जास्त मतं बाद झाली तर निर्णयच होणार नाही. मतदान गुप्त, पण श्रवणांक सगळ्यांना दिसेल असा.

पहिल्या काही सभांत चांगलीच धांदल उडाली. एका बड्या बिल्डरचा श्रवणांक अकरा आला आणि त्याचं मत सर्वांदेखत बाद झालं. मग लोक फोन बाहेर ठेवून येऊ लागले, समोरच्याकडे नीट बघू लागले. घरकाम करणाऱ्या बायकांचं ऐकून सभेने बसच्या वेळा बदलल्या. पाड्यावरच्या शाळेला शिक्षक मिळाले. दुसऱ्या राज्यांतून पथकं पाहायला येऊ लागली. आपण योग्यच होतो असं इरावतीला वाटलं, आणि तसं वाटण्यात काही गैर नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या सोडतीत तिचंच नाव निघालं. नियमात तिला सूट नव्हती आणि तिला ती नकोही होती.

त्या वर्षी कचरा जाळणाऱ्या भट्टीचा प्रश्न आला. जागा दोन होत्या. एक नदीकाठचं रिकामं मैदान, त्याला लागून बंगले आणि उंच इमारती. दुसरी शहराबाहेरची जुनी दगडखाण, तिच्या कडेने वडार समाजाची वस्ती. इरावतीचं घर नदीकाठच्या इमारतीत सातव्या मजल्यावर होतं.

वस्तीकडून यमुना धोत्रे बोलली. चाळिशीची, शिवणकाम करणारी बाई. तिने पट्टी बांधून घेतली, माईक जवळ ओढला आणि कुणाकडेही विशेष न बघता बोलायला सुरुवात केली.

"माझा नवरा खाणीत दगड फोडायचा. आता खाण बंद आहे, पण धूळ त्याच्या छातीत राहिली. रात्री तो आडवा होत नाही, भिंतीला टेकून बसतो. मी मशीन चालवते तेव्हा त्याच्या श्वासाचा आवाज झाकला जातो, म्हणून मी उशिरापर्यंत मशीन चालवते. काम असतं म्हणून नाही. आमच्या गल्लीत असे बरेच जण आहेत. डॉक्टर म्हणाले, आता धूर-धूळ नको. आम्ही म्हटलं, बरं, चुलीसुद्धा बंद करतो. केल्या. आता तुम्ही भट्टी आणताय. शहराचा कचरा कुठेतरी जाळायला हवा हे मला कळतं. पण दरवेळी आमच्याच दारात का, एवढं सांगा."

इरावतीला तो भिंतीला टेकलेला माणूस दिसत होता. मशीनच्या आवाजाखाली दबलेला त्याचा श्वास ऐकू येत होता. पुढचं वाक्य यमुना बोलायच्या आधीच तिला कळत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मतदानासाठी पुढ्यात दोन बटणं उजळली. इरावतीने बोट नदीकाठाच्या बटणावर नेलं. त्या क्षणी तिला आपल्या गच्चीतून दिसणारं सकाळचं नदीचं पात्र आठवलं, आणि त्यावर तरंगणारा धूर. बोट थांबलं. तिने दुसरं बटण दाबलं. कारणं नंतर आली. खाणीची जागा पालिकेचीच आहे, काम लवकर होईल, नव्या भट्टीतून धूर तसा कमीच निघतो. पण बटण दाबताना यातलं एकही तिच्या मनात नव्हतं.

निकाल लागला. शंभरातल्या एक्क्याण्णव जणांनी खाण निवडली होती. एकही मत बाद झालं नव्हतं. सभेच्या इतिहासात एवढे चांगले श्रवणांक कधी आले नव्हते. पडद्यावर सगळ्यांत वर इरावतीचं नाव होतं, शहाण्णव. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

बाहेरच्या पायऱ्यांवर यमुनाने तिला गाठलं.

"मॅडम, तुमचा आकडा सगळ्यांत वर होता. तुमचे डोळे पण भरले होते. तुम्ही आमच्या बाजूने होता, मला कळलं."

इरावतीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आपण हरलो," यमुना म्हणाली, "पण तुमच्यासारखे नऊ जण होते. तेवढंच बरं वाटलं."

"हो," इरावती म्हणाली.

घरी आल्यावर तिने गच्चीचं दार उघडलं नाही. नवऱ्याने विचारलं, सभेत काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणाली. पुढचे कित्येक दिवस तो "हो" तिला जेवताना, शिकवताना, गाडी चालवताना आठवत राहिला.

वस्ती उच्च न्यायालयात गेली. वकील शीला खरात इरावतीला भेटायला प्रयोगशाळेत आल्या.

"अशा खटल्यांत आमच्याकडे एकच शस्त्र असायचं," त्या म्हणाल्या. "सुनावणी नीट झाली नाही. अधिकाऱ्यांनी लोकांचं ऐकलंच नाही. एवढं दाखवलं की कोर्ट स्थगिती द्यायचं. कितीतरी वस्त्या मी अशा वाचवल्यात. आता पालिका श्रवणांक पुढे करतेय. तुम्ही शपथेवर सांगा, की यंत्र चुकू शकतं. खुद्द तुम्हीच म्हणालात तर कोर्ट मानेल."

त्या गेल्यावर नियाजने त्या दिवसाचे सगळे आलेख पुन्हा तपासले.

"चूक सापडत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना समजलं होतं. तुला तर सगळ्यांत जास्त."

"नियाज, मी खाणीला मत दिलं."

त्याने पडद्यावरचे आलेख बंद केले. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"कशावरून?"

"त्या दिवसापासून तू माझ्याकडे बघून बोलत नाहीस."

साक्षीच्या दिवशी न्यायालयात यमुना तिसऱ्या रांगेत बसली होती. इरावतीने ठरवलं होतं, निदान इथे तरी खरं बोलायचं. सगळं सांगून टाकलं तर मनावरचं ओझं हलकं होईल, आणि कदाचित न्यायाधीशांना कळेल की या निर्णयात काय सडलेलं आहे.

"यंत्र चुकलं असण्याची शक्यता आहे का?" खरातांनी विचारलं.

"नाही," इरावती म्हणाली. "यंत्र बरोबर आहे. मला त्यांचं सगळं समजलं होतं. त्यांच्या नवऱ्याचा श्वास मला ऐकू येत होता. आणि तरी मी त्यांच्याविरुद्ध मत दिलं. माझ्या घरासमोर भट्टी नको होती म्हणून. मला त्याची लाज वाटते."

न्यायालयात कुजबुज झाली. खरातांनी हातातले कागद खाली ठेवले. इरावतीने तिसऱ्या रांगेकडे पाहायचं धाडस केलं नाही.

निकाल वाचताना न्यायाधीशांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ते पुढे म्हणाले, की न्यायालय सुनावणीची तपासणी करतं, मतामागच्या हेतूची नाही. साक्षीदाराने स्वतःच मान्य केलं आहे की वस्तीचं म्हणणं पूर्णपणे समजलं होतं. याहून परिपूर्ण सुनावणी या न्यायालयाने पाहिलेली नाही. याचिका फेटाळण्यात येत आहे.

तिच्या कबुलीने वस्तीची उरलेली बाजूही कोसळली होती. तिला लाज वाटत होती ही गोष्टसुद्धा पालिकेचा पुरावा ठरली. न समजलेल्याला लाज कशी वाटेल?

बाहेर आवारात यमुना उभी होती. इरावती तिच्यासमोर जाऊन थांबली. माफ करा म्हणायचं होतं, पण यमुनाच आधी बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मॅडम, माझी आई सांगायची, साहेबलोकांना आपलं माहीत नसतं, म्हणून ते असं करतात. कुणीतरी नीट सांगायला पाहिजे. म्हणून मी सांगायला शिकले. सभेत काय बोलायचं ते मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. आता तुम्हाला माहीत आहे. आता मी काय सांगायचं?"

यमुना वस्तीतल्या बायकांबरोबर निघून गेली.

भट्टीची जागा ठरली, पण तिथे कचऱ्याच्या गाड्या जायला रस्ता हवा होता, आणि तो वस्तीतूनच काढावा लागणार होता. त्यासाठी वेगळा निर्णय, म्हणून वेगळी सभा. इरावतीची सभासदत्वाची मुदत अजून संपली नव्हती. तिने या वेळी कोणतं बटण दाबायचं ते आधीच ठरवलं होतं. तिच्या एका मताने निकाल फिरणार नाही हेही तिला ठाऊक होतं.

यमुना आली. तिने पट्टी बांधून घेतली आणि माईकसमोर बसली. सभासद सावरून बसले. शहराला आता ऐकायची सवय झाली होती.

यमुना बोलली नाही.

अध्यक्षांनी तिला आठवण करून दिली. तिने मान हलवली आणि तशीच बसून राहिली. तिची वेळ संपली तेव्हा उठून पट्टी पुढच्या बाईकडे दिली. तीही येऊन बसली आणि गप्प राहिली. मग एक म्हातारा आला, तोही गप्प. वस्तीतली सगळी माणसं एकामागून एक आली आणि एकानेही तोंड उघडलं नाही. पडद्यावर शंभर नावांपुढे शंभर शून्यं होती.

प्रधान घाईने इरावतीच्या खुर्चीपाशी आले. "हे काय चाललंय? असंच राहिलं तर सगळी मतं बाद होतील."

"हो. नियम तसाच आहे."

"त्यांना संधी दिली, त्यांनी घेतली नाही. म्हणजे ऐकलं असं धरता येईल. तुम्ही तज्ज्ञ म्हणून तेवढं सांगा, मी बाकीचं बघतो."

"जे बोललं गेलं नाही ते ऐकलं असं मापक सांगू शकत नाही, सर. आणि मीही सांगणार नाही."

"मग रस्ता होणार नाही. भट्टी उभी राहून काय उपयोग?"

"होणार नाही," इरावती म्हणाली.

मागच्या रांगेतला एक सभासद अस्वस्थ होऊन उठला. "बाई, बोला ना. आम्ही ऐकायलाच बसलोय."

यमुनाने त्याच्याकडे पाहिलं, मग इरावतीकडे. त्या नजरेत राग नव्हता आणि क्षमाही नव्हती. ज्यांच्यावर बोलणं खर्च करायचं नाही असं ठरवलंय, अशा माणसांकडे बघावं तशी ती बघत होती. इरावतीने नजर खाली वळवली. त्या गप्प बसण्यातला शब्दन् शब्द तिला समजत होता, आणि पडद्यावर तिच्या नावापुढे शून्य होतं.