युरोपचा हंगाम आणि पालमचं खळं

सन १९८७चा युरोपीय व्यावसायिक पुरुष गोल्फ हंगाम परभणीच्या दिनकररावांनी जिंकला.

हे वाक्य कुणी वाचलेलं नाही असं धरून पुढं जायचं आहे. ते पालमच्या शिवारात कर्ण्यावरून जाहीर झालं, बाभळीवरचे बगळे उडाले, हे खरं. पण जाहीर करणाऱ्या अण्णासाहेबांनीच नंतर सांगितलं की आपण फक्त कर्णा चालतो का ते पाहत होतो.

अण्णासाहेब कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ज्वारीच्या अभ्यासाला त्यांना स्कॉटलंडला धाडलं होतं. तिथं ज्वारी नव्हती. म्हणून त्यांनी गोल्फ पाहिला. येताना दोन काठ्या आणि पिशवीभर बॉल आणले आणि जिल्ह्याला युरोपच्या तोडीचा हंगाम दिला. बोरीची स्पर्धा ती स्पेन, परभणीची ती जर्मनी, पालमची ती स्कॉटलंड. तिकडचे खेळाडू बक्षीस घेतात म्हणून व्यावसायिक. इथं प्रत्येक स्पर्धेला ज्वारीचं पोतं होतं. हंगाम जिंकणाऱ्याला तांब्याची घागर. तिला चषक म्हणायचं आणि तिच्यात पाणी भरायचं नाही.

मैदानं तर युरोपनं येऊन बघावीत अशी. तिकडं हिरवळ राखायला माणसं ठेवतात. इथं मळणी झाली की खळं तयारच असतं: गोल, सपाट, शेणानं सारवलेलं. मधोमध बैल बांधायची मेढ उपटली की तिची जागा म्हणजे गल, गोट्यांच्या खेळात असते तशी. युरोपातली गल म्हणे जेमतेम मुठीएवढी खोल. आपल्याकडं मेढ रोवलेली असते, बैलांनी ओढली तरी हलू नये अशी. खोलीत आपण युरोपला केव्हाच मागं टाकलं होतं.

हंगामाची शेवटची स्पर्धा येळवशीला, पालमच्या धुरपताबाईच्या शेतात. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, कोपीत चुन्यानं रंगवलेले गोल दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की येईल त्याला पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील वाढायची.

परभणीचे खासगी गुप्तहेर बन्सीधर या आंबिलीसाठीच आले होते. स्टेशनजवळ, उद्धवच्या सायकल दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. हरवलेल्या म्हशी आणि रुसून गेलेले जावई शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उद्धव मदतीला असायचा, म्हणजे सोबत असायचा.

बन्सीधरांचा दुसरा तांब्या चालू असताना अण्णासाहेब धापा टाकत आले. मागं बोरीचा मुंजाजी, हातात काठी, चेहरा उतरलेला.

"बन्सीधरराव, बॉल गेला!"

"कुणाचा?"

"माझा," मुंजाजी म्हणाला. "आन त्याच्यासंगं माजी इज्जत."

हकिगत सरळ होती. हंगामभर मुंजाजी आणि दिनकरराव बरोबरीत. निकाल या शेवटच्या खळ्यावर. मारायचं तुरीच्या पलीकडून. तूर पुरुषभर उंच, त्यामुळं खळं दिसत नाही. दिनकररावांचा बॉल खळ्याच्या काठावर येऊन थांबलेला सापडला. मुंजाजीचा कुठंच नाही.

"नियमानं न सापडलेला बॉल म्हणजे दंड," अण्णासाहेब म्हणाले, "आणि दंड म्हणजे हार. मी तसं जाहीरही… कर्णा तपासला मी."

"हार झाली आसती तर म्या हरलो म्हनलो आसतो," मुंजाजी म्हणाला. "पन दिनकरराव म्हनायलेत, तू तुरीत घालवला आन आता सोंग करायलास. बोरीची आख्खी एसटी भरून मानसं आलीत. त्यांच्यासंगं खोटारडा म्हनून कसा जाऊ वापस?"

"परभणीची गाडी फाट्यावर येईपर्यंत थांबतो," अण्णासाहेब म्हणाले. "मग घागर दिनकररावांची."

बन्सीधरांनी तांब्या संपवला. पुरावा नंतरही मिळतो, आंबील मिळत नाही.

खळं सणासाठी सकाळीच सारवलेलं, अजून ओलसर. त्यावर कुणी चप्पल घालून जाऊ नये म्हणून बॉल शोधायला माणसं आली तेव्हापासून अण्णासाहेब स्वतः काठावर उभे राहिले होते. शोधाशोध झाली ती भोवतालच्या ढेकळांत आणि तुरीत. ओल्या सारवणावर एवढंच उमटलेलं होतं: तुरीच्या बाजूला एक खळगी, तिथून मधल्या गलीपर्यंत गेलेली बारीक रेघ, आणि रेघेवर पडलेली अनवाणी पावलं, आत जाणारी आणि बाहेर येणारी.

"सरडा गेला असेल," उद्धव रेघेकडं बघत म्हणाला.

बन्सीधरांनी गलीत वाकून पाहिलं. गल रिकामी होती. "सरडा गेला, तर परत का नाही आला?"

"आत बिऱ्हाड केलं असेल."

बन्सीधर अण्णासाहेबांकडं वळले. "असे बॉल किती उरलेत तुमच्याकडं?"

"हेच दोन. बाकीचे विहिरींनी घेतले."

"आणि बॉल गलीत पडल्यावर कुणी उचलला तर?"

"गलीत पडला की खेळ तिथंच संपला. मग त्याला कावळ्यानं नेलं तरी नियमाला देणंघेणं नाही. पण गल तर रिकामी आहे!"

दिनकरराव बाभळीखाली सतरंजीवर बसले होते. परभणीत कचेरीत कारकून. इस्त्रीचा सदरा, डोक्याला रुमाल. सदऱ्याचा खिसा टम्म फुगलेला.

"खिशात काय आहे, दिनकरराव?"

"माझी खासगी बाब."

"गोल दिसते."

"खासगी बाबी गोल असू शकतात."

उद्धवनं पुढं होऊन खिशात हात घातला. बाहेर आला तो बाजरीचा उंडा.

"प्रवासासाठी," दिनकरराव कानापर्यंत लाल झाले. "दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो. आणि ऐका, मला बॉल लपवून जिंकायचं असतं तर वर्षभर पहाटे उठून रेल्वेच्या मोकळ्या जागेत काठी कशाला फिरवली असती? लोक मला वेडा म्हणतात परभणीत."

"आमाला बी म्हनतेत," मुंजाजी लांबूनच म्हणाला. त्या दिवसातलं दोघांचं हे पहिलं एकमत.

"मुंजाजी, मारल्यावर काय ऐकलंत?"

"धप्प झालं. ढेकळावर टक्क होतं, सारवनावर धप्प. म्हून तर म्हनायलोय, खळ्यावरच पडला. फुडं गुडूप."

तेवढ्यात उद्धव कोपीत दर्शन घेऊन आला. नाराज होता.

"पांडवांसाठी मोजून पाच झेंडू आणले होते परभणीहून. कमी पडले. शेवटच्याला तुरीचं फूल वाहिलं. रागावणार नाहीत ना हो?"

बन्सीधरांनी भरलेला तांब्या तोंडापाशी नेला, खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला.

धुरपताबाई कोपीपुढं भज्जी ढवळत होत्या. डाव्या हातावर हळद. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत माती लागून वाळलेली, बांगड्यांतसुद्धा.

"बाई, बॉल पाहिला का कुठं?"

"न्हाई बापा. आमी काय बॉल खेळायलाव का? हिरीवरून पानी आनावं, सैपाक बघावा, का बॉल बघावा? आन आमचे मालक आश्रुबा हे आसे! सकाळी देव रंगिवले, खळ्याच्या काठाला वाळत घातले, मी पान्याला गेले तवर मांडून बी टाकले. धांदरटावानी. त्यांच्या मागं मलाच निस्तरावं लागतंय."

"काय निस्तरलंत?"

"ते देवाचं आन माजं. तुमी उंडा घ्या."

लांब रस्त्यावर धुरळा दिसू लागला होता. परभणीची गाडी. दिनकररावांनी रुमाल नीट बांधला. मुंजाजीनं काठी जमिनीवर ठेवली आणि बोरीच्या माणसांकडं पाठ केली.

"अण्णासाहेब," बन्सीधर म्हणाले, "सगळ्यांना कोपीपाशी बोलवा. ड्रायव्हरलाही. येळवशीला आंबील सोडून कोण ड्रायव्हर गाडी काढतो?"

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर तर आधीच उतरला होता.

"इथं चोरी झालेली नाही," बन्सीधरांनी सुरुवात केली. "बॉल जिल्ह्यात दोनच, त्यामुळं खोटा बॉल आणून ठेवायचीही सोय नाही. मग मुंजाजीचा गेला कुठं? मुंजाजीनं धप्प ऐकलं. सारवणात खळगी आहे, म्हणजे बॉल खळ्यावर पडला. खळगीपासून रेघ निघते. दिनकररावांचा बॉल काठावरच थांबला, तेव्हा रेघ त्याची नाही. ही रेघ गलीपाशी संपते. उद्धव, तो सरडा परत आला नाही, कारण तो बॉल होता."

"पण गल रिकामी आहे," दिनकरराव म्हणाले.

"आता आहे. रेघेवर पावलं पडलीत, पावलांवर रेघ नाही. म्हणजे बॉल आधी गेला, माणूस नंतर. आणि मेढीच्या गलीतून काही काढायचं तर हात कोपरापर्यंत घालावा लागतो."

सगळ्यांनी धुरपताबाईंच्या हाताकडं पाहिलं. त्यांनी तो पदराआड घेतला.

"म्या बॉल घेतला न्हाई! देवाच्या म्होरं सांगते!"

"खरं सांगताय. तुम्ही बॉल घेतलाच नाही, देव उचलला. विहिरीवरून आलात, गलीत पांढरं, गोल काही दिसलं. वाटलं, मालकांनी वाळत घातलेल्यांतला एक पांडव घरंगळला."

"मंग? देव काय खड्ड्यात ठिवायचा?" बाई म्हणाल्या. "काढला, पुसला, रांगंला बसवला."

"मोजले नाहीत?"

"देव काय शेरडं हायेत मोजायला?"

"तुमच्यात किती मांडतात?"

"पाच."

"उद्धवचे पाच झेंडू कमी पडले," बन्सीधर म्हणाले आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. "बाई, आम्ही हात लावत नाही. शेवटच्या देवाला तुम्हीच अभिषेक करा."

धुरपताबाईंनी पाणी घातलं. कुंकू ओघळलं, हळद ओघळली. खालून पांढरा, खळ्याखळ्यांचा गोळा उघडा पडला.

"या देवाला देवी येऊन गेल्यात," उद्धव हळूच म्हणाला.

मग अण्णासाहेब कर्ण्याकडं धावले.

"एका फटक्यात! तुरीवरून, न दिसणाऱ्या गलीत, एका फटक्यात! सन सत्त्याऐंशीचा युरोपीय हंगाम बोरीच्या मुंजाजीनं जिंकला!"

बगळे पुन्हा उडाले. या वेळी कर्णा तपासण्याचा प्रश्न नव्हता.

दिनकररावांनी स्वतः घागर उचलली आणि मुंजाजीच्या हातात दिली. "खोटारडा म्हणालो, ते परत घेतो. हरलो. पण स्कॉटलंडच्या नाही, बोरीच्या माणसाकडून हरलो. परभणीत सांगताना मान खाली जायची नाही." मग खिशातला उंडा काढून त्यांनी अर्धा मुंजाजीला दिला.

मुंजाजीनं घागर डोक्यावर घेतली, बोरीच्या माणसांकडं तोंड केलं, आणि पहिल्यांदा रडला.

अडचण एकच राहिली. अण्णासाहेबांनी बॉल मागितला, तेव्हा धुरपताबाई कोपीच्या दारात आडव्या बसल्या.

"पूजा झालेला देव कुनी खेळायला देतंय का? येवढ्या लांबून उडत आला, आपनहून घरात बसला. तो जायचा न्हाई."

"धुरपताबाई, तो स्कॉटलंडहून आणलाय!"

"मंग पाच भावांत एक परदेशी. ऱ्हाऊ द्या."

बॉल कोपीतच राहिला. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी टपालात टाकलेला अर्ज असा:

"प्रति, मा. चिटणीस, युरोपीय व्यावसायिक गोल्फ, मुक्काम युरोप. सविनय सादर करण्यात येते की, परभणी जिल्ह्याचा हंगाम शांततेत व एका फटक्यात पार पडला आहे. तरी आपल्या पुढील हंगामाची अखेरची स्पर्धा मौजे पालम येथे येळवशीस ठेवण्याचे आदेश व्हावेत. गलीच्या खोलीबाबत आपणाकडून तक्रार स्वीकारली जाणार नाही. खेळाडूंनी परभणीहून सुटणारी गाडी धरावी; आंबिलीची व्यवस्था श्रीमती धुरपताबाई करतील. बॉल मात्र ज्याचे त्याने आणावेत व परत नेण्याचा आग्रह धरू नये. आमचा देवात बसला आहे. कळावे."