उजव्या बाजूचे केस

तेल मुरायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात सांगून टाकते. घरी येऊन केस कराल का, असं तुम्ही मघाशी विचारलंत आणि मी एकदम तोडून टाकल्यासारखं नाही म्हटलं. राग मानू नका. पूर्वी मी जायची. आठवड्याला पाच-सहा घरं असायची माझी. दाट, राठ, कुणाच्या बापाला न जुमानणारे केस असले की लोक मलाच बोलवायचे, कारण माझे स्वतःचे तसेच. शाळेत मला 'काथ्या' म्हणायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं. असल्या केसांशी भांडायचं नसतं, त्यांची समजूत काढायची असते, हे मी माझ्याच डोक्यावर शिकले.

त्या घरचं बोलावणं आलं ते एका टेलरकडून. चौकापलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि मागे राहायच्या दोन खोल्या. सगळे त्यांना मास्तर म्हणत. उंच, जरा वाकलेला माणूस, गळ्यात कायम टेप. एका दुपारी ते पार्लरच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचा संकोच.

"ताई, मुलीचे केस आहेत," ते म्हणाले. "मला काही जमत नाहीत."

बायकोला जाऊन सात महिने झाले होते. मुलगी नऊ वर्षांची. आई दर रविवारी दुपारी तिचे केस करायची, चांगली दोन-अडीच तास घेऊन. ती गेली आणि त्या केसांना कुणाचा हात लागला नाही. शाळेतून चिठ्ठी आली होती, केस नीट बांधून पाठवा, नाहीतर कापा. कापायचं नाव काढलं की मुलगी पलंगाखाली जाऊन बसायची. "आईसारखे आहेत म्हणते," मास्तर म्हणाले आणि टेपशी खेळत राहिले.

पुढच्याच रविवारी मी गेले.

पुढच्या खोलीत मास्तरांचं मशीन चालू होतं. मागच्या खोलीला एकच खिडकी, ती शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. भर दुपारी दोन वाजता दिवा लावावा लागायचा. एक पलंग, एक लोखंडी कपाट, बुटकं स्टूल. मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास. मुलगी आधीच स्टुलावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. तिला घरात छोटी म्हणत. केस खाली पडायचं सोडून चहूबाजूंनी वर आले होते. त्यात तिची मान कुठे आहे तेच समजेना.

मी शेजारी बसले. आधी हात लावलाच नाही. थोड्या गप्पा मारल्या, माझे केस तिला दाखवले, ओढून बघ म्हटलं. तिने बोटाने बट दाबून बघितली आणि पहिल्यांदा हसली.

"मावशी, डावीकडून सुरू करा हं," ती म्हणाली. "आई डावीकडूनच करायची."

"बरं. डावीकडून."

चार भाग केले. एक मोकळा ठेवून बाकीचे रबर लावून बाजूला. कोमट तेल टाळूला कमी, टोकांना जास्त. मग पाण्याचा फवारा, मग जाड दातांचा कंगवा. टोकापासून वर जायचं, वरून खाली कधीच नाही. गुंता दिसला की मुळाशी केस मुठीत धरायचे, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही. सात महिन्यांचा गुंता होता तो. दोन तासांत नाकी नऊ आले आणि डावीकडचे दोनच भाग उकलले. पोरगी पेंगायला लागली होती. डावीकडे घट्ट वेणी घातली, उजवीकडचं झुडूप रबरात बांधून ठेवलं. म्हटलं, हे पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी मी उजवीकडचं रबर काढलं आणि केस सरळ तिच्या खांद्यावर उतरले.

एकही गाठ नव्हती. बट न् बट सुटी झालेली. टोकांना तेल लागलेलं, पण माझं नव्हे. माझ्या तेलाचा वास मला झोपेतही कळेल. याला वास होता बंद पेटीचा, बरीच वर्षं न उघडलेल्या. मी मास्तरांना हाक मारून विचारलं. ते दारात येऊन म्हणाले, "नाही हो ताई, मी कशाला हात लावतोय? तुम्ही बांधलेत तसेच आहेत." मला वाटलं, माणूस लाजतोय. रात्री बसून मुलीचा गुंता काढला असेल बापाने, त्यात लाजण्यासारखं काय? छोटीला विचारलं तर तिने मान खाली घातली. मीही विषय सोडला. फुकटात निम्मं काम झालं होतं, कोण कशाला तक्रार करेल?

तिसऱ्या रविवारी बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि त्या खोलीत दिवा लावूनही कोपरे दिसत नव्हते. मी छोटीचे केस मोकळे केले, चार भाग केले आणि तेलाची वाटी कोमट पाण्यात ठेवायला शेजारच्या स्वयंपाकघरात गेले. गॅसपाशी उभी होते. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता, अखंड. आणि त्या आवाजाखाली मला दुसरा एक ऐकू आला.

खर्र... खर्र... मग जरा थांबून, पुन्हा खर्र.

राठ केसांतून कंगवा जाताना होणारा आवाज. मी जन्मभर ऐकत आलेय तो. म्हटलं, पोरगी स्वतःच विंचरतेय, ओढून तोडून ठेवेल. म्हणून वाटी हातात घेऊन तशीच मागे फिरले. फिरताना हात एप्रनच्या खिशाला लागला. कंगवा माझ्या खिशात होता.

छोटी होती तशीच बसलेली. दोन्ही हात मांडीवर. उजवीकडचे केस विंचरून झालेले होते आणि अर्ध्यापर्यंत वेणीही घातलेली. खालचे तीन पेड मोकळे होते आणि हलत होते. खोलीत वारा नव्हता.

"कोण होतं गं इथे?" मी विचारलं.

"हळू बोला ना, मावशी..."

मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. खरं सांगते, तेव्हा मला भीतीपेक्षा भरून आलं होतं. आईविना पोर, आणि आईचा जीव तिच्या केसांत अडकलेला. असं होत असेलही, कुणी बघितलंय?

"आई येते का?" मी म्हटलं.

तिने मान हलवली. नाही.

"आई डावीकडून सुरू करायची," ती अगदी हळू म्हणाली. "ही उजवीकडून करते."

माझ्या हातातली वाटी कलंडली. कोमट तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी मला हलता येईना.

"कधीपासून येते?"

"आई होती तेव्हापासून. म्हणून आई मोकळे ठेवू द्यायची नाही. घट्ट वेण्या असल्या की तिला धरता येत नाहीत. नुसत्या गुंत्यातही येत नव्हते, तुम्ही भाग पाडलेत तेव्हा आले."

मी बाहेर जाऊन मशीनच्या चाकावर हात ठेवला. मास्तरांनी वर बघितलं. मी सांगितलं तेवढं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बायको शेवटी शेवटी तेच बोलायची. छोटीचे केस मोकळे ठेवू नका, बांधा, घट्ट बांधा. ताप होता खूप. मला वाटलं, बरळतेय..." टेप त्यांनी गळ्यातून काढून हाताला गुंडाळला, पुन्हा सोडला. "मला वेणी घालता येत नाही हो ताई."

"मी घालते," मी म्हटलं. "तुम्ही दारात उभे राहा."

आत गेले. हाताला सवय असते, तो आपलं काम करतो. डावी बाजू घेतली, तीन पेड, इतके घट्ट की छोटीच्या भुवया वर ओढल्या गेल्या. वेणी पुरी केली, टोकाला दोन रबरं. मग उजवीकडे वळले. ती अर्धवट वेणी पूर्ण उकलली, म्हटलं मुळापासून आपल्या हाताने घालू. केस मुठीत घेतले.

ते मुठीतून सरकले.

झटका नव्हता. कुणी शांतपणे आपली वस्तू परत घ्यावी तसे. छोटीचे उजवीकडचे सगळे केस खांद्यावरून उचलले गेले आणि आडवे, ताठ, हवेत उभे राहिले. त्यांची टोकं कपाटाच्या मागे गेली होती. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माझी बोटंही शिरली नसती. त्या फटीतून आवाज आला. खर्र... खर्र... टोकापासून सुरू करून, थोडं थोडं वर. गुंता आला की थांबून, मुळाशी धरून, मग पुढे.

सगळ्यात जास्त भीती मला कशाची वाटली, सांगू? तिचा हात चांगला होता. माझ्यापेक्षाही चांगला.

मी केस मुळाशी दोन्ही हातांनी धरले आणि मागे ओढले. तिकडून तेवढीच ओढ आली, जास्त नाही. मी जोर वाढवला, तिकडूनही वाढला. छोटीची मान उजवीकडे कलत चालली. स्टुलाचा पाय फरशीवर करकरला, इंचभर सरकला, पुन्हा सरकला. कपाटाच्या दिशेने.

"बाबा," छोटी म्हणाली. रडत नव्हती. "कापा."

मास्तर कात्री घेऊन आले, कापड कापायची, मोठी. दहा मीटर कापड एका रेषेत कापणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना कात्री उघडता येईना. मी त्यांच्या हातातून ती घेतली. "तिला धरा," म्हटलं. त्यांनी मुलीला पोटाशी धरलं आणि मी कानाजवळून कापायला लागले. केस इतके दाट की एका घावात तुटेनात. प्रत्येक घावाला पलीकडचा कंगवा क्षणभर थांबायचा, ऐकल्यासारखा. शेवटची बट तुटली तेव्हा छोटी बापाच्या अंगावर कोसळली आणि तो सगळा झुपका सरसर करत फटीत गेला, रिळावर दोरा ओढावा तसा.

मी उभ्या उभ्याच डावीकडची वेणीही कापली. ती खाली पडली, तिचा धप्प असा आवाज झाला. मग कुठे श्वास घेतला.

मास्तरांनी आणि मी मिळून कपाट सरकवलं. मागे भिंत. जुना चुना, ओल नाही, भोक नाही. भिंतीपासून कपाटापर्यंत कोळ्याचं एक जाळं होतं. ते आम्ही कपाट हलवलं तेव्हा तुटलं. तोपर्यंत अख्खं होतं.

केर काढला. फरशीवर एक वेणी मिळाली. उजवीकडचा एक केसही नाही.

महिन्याभरात मास्तरांनी ती जागा सोडली, दुसऱ्या टोकाला दुकान घेतलं. मी घरी जाऊन केस करणं त्याच दिवशी बंद केलं. अधूनमधून निरोप यायचा, छोटी मजेत आहे, शांत झोपते, शाळेत जाते. मलाही हळूहळू वाटायला लागलं, सुटली पोर.

वर्षाने ती दोघं इथे आली, या पार्लरमध्ये. सकाळची वेळ होती, ऊन अगदी आरशापर्यंत आलं होतं. छोटी उंच झाली होती. केस मानेपर्यंत आले होते, जरा कापून सारखे करायचे होते. मास्तर खुशीत होते. "बघा ताई, निम्मा त्रास आपोआप गेला," ते म्हणाले.

मी हात फिरवला. डावीकडचे केस तसेच होते, राठ, तारेसारखे, हाताला उसळी मारणारे. उजवीकडचे सरळ, मऊ आणि गार. पाण्यात हात घातल्यासारखं वाटलं. मी कात्री उचलली. बापाच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू होतं.

डावी बाजू कापून झाली. उजवीकडची पहिली बट मी दोन बोटांत धरली आणि टोक कापलं. छोटी दचकली नाही, हललीही नाही. फक्त आरशात माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्याच्या मागे बघायला लागली.

"काय गं, ओढलं गेलं का?" मी विचारलं. "दुखलं?"

"मला नाही," ती म्हणाली.