धुवायला ठेवलेला फोटो

सिंक विकत आणायचं नाही, घरीच करायचं, हे नवऱ्याने ठरवलं. प्लायवूडची चार फुटी पेटी, सांध्यांत सिलिकॉन, आतून पाणी झिरपू न देणाऱ्या रंगाचे तीन हात. सुट्टीचे दोन दिवस तो तिच्या डार्करूममध्ये गुडघ्यांवर बसून पाणसळीने उतार तपासत होता.

"एक थेंब साचणार नाही बघ. आता बाळाच्या टबात फोटो धुणं बंद! पोरीचा टब पोरीला परत."

ती हसली. टबाकडे बघणं मात्र तिने टाळलं.

पाच महिन्यांपूर्वी लेक त्या टबात बसली होती आणि इकडे डार्करूममधला टायमर वाजला. कागद डेव्हलपरमधून काढून येऊ, अर्ध्या मिनिटाचं तर काम. पण फोटो इतका सुरेख आला होता, की ती बघत राहिली. परतली तेव्हा लेकीचं तोंड पाण्यात होतं. उचललं, पाठ थोपटली. लेक खोकली, पाणी ओकली, डोळे उघडले. तिने हे कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर लेक रडली नव्हती. भुकेने नाही, पडल्यावर नाही, इंजेक्शन टोचल्यावरही नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून 'उत्तम' म्हणून सांगितलं. "गुणी गं बाई पोर! आमच्यांनी तर घर डोक्यावर घेतलं होतं," नणंद म्हणायची. ती मान डोलवायची आणि लेकीचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायची.

रंग वाळला. दुपारी तिने पहिला फोटो करायला घेतला. नवरा खुर्चीत, मांडीवर लेक.

लाल उजेडात खुर्ची उमटली. नवऱ्याचं हसू उमटलं. त्याचे हात उमटले, कशाभोवती तरी वेढलेले. मधे मांडी रिकामी होती.

तिने निगेटिव्ह भिंगाखाली धरली. लेक होती. कागद जुना असेल, तिने स्वतःला समजावलं. फिक्सरमधून फोटो काढला, पांढरा दिवा लावला, सिंकला बूच लावून पाणी सोडलं आणि फोटो त्यात बुडवला.

पाण्याखाली लेक उमटू लागली. आधी जावळ, मग गाल, मग उघडं तोंड.

बाहेर लेकीने टाहो फोडला.

"अगं, ऐकलंस का?" नवरा दाराशी धावत आला. "रडतेय! आपली ठमाबाई रडतेय!"

दचकून तिने फोटो वर काढला. मांडी रिकामी. बाहेर चिडीचूप.

पुन्हा बुडवला. लेक उमटली. बाहेर रडणं.

वर. शांतता.

"अगं, गप्प झाली गं," नवऱ्याचा आवाज बदलला. "नुसती बघतेय. डोळेसुद्धा मिटत नाहीये. ये ना तू बाहेर."

"अरे, त्या दिवशी मी..." ती म्हणाली.

"काय? कुठल्या दिवशी?"

तिने फोटो पाण्यात सोडला. तो तरंगून वर येऊ लागला, तसं बाहेरचं रडणं क्षीण होत गेलं.

तिने बाह्या वर केल्या आणि दोन्ही तळव्यांनी तो तळाशी दाबून धरला.

लेक जोरात रडू लागली. दारापलीकडे नवरा हसत होता.

पाणी गारठलेलं होतं. तळव्यांखालचा कागद कोमट होता, आणि सुटायला धडपडत होता.