इंजिन फिरेपर्यंत

दौंड स्टेशनावर मी धावत्या गाडीतून उडी मारली, तेव्हा माझे आबा आत घोरत होते.

धावत्या म्हणजे… नुकत्याच हललेल्या. माझं कॉलेज पुण्यात, म्हणून तिथूनच आम्ही मनमाडला निघालो होतो, तिथून पुढे कानपूर. एम.टेक.ची मुलाखत होती, विषय कॉम्प्युटर सायन्स. सत्त्याहत्तर साली आमच्या शिरूरमध्ये हे नाव काढलं की लोक म्हणायचे, म्हंजी टायपिंगच की. दौंडला गाडी बराच वेळ थांबली आणि मग चक्क आलो त्याच दिशेनं निघाली. परत पुण्याला चालली, असं वाटून मी पिशवी उचलली आणि उतरले. आबांची आठवण उतरल्यावर झाली.

"चढा आधी," डब्याच्या दारातला मुलगा हात पुढे करत म्हणाला. "गाडी परतत न्हाई. इथं इंजिन फिरून मागनं लागतं. मनमाडलाच चाललीय."

मी तो हात धरला. वर आल्यावर लगेच सोडायला हवा होता… जरा उशीरच झाला.

त्याचं नाव पोपट. वडील दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर. नाव ऐकून मी हसले, आणि माझं नाव चांगुणा म्हटल्यावर तो हसला. दोघांचीही नावं आज्यांनी ठेवलेली. गंमत म्हणजे तोही त्याच मुलाखतीला निघाला होता. मग काय, नगर येईपर्यंत आम्ही भांडत होतो. यंत्राला माणसाची भाषा शिकवण्याचं मला वेड, तर आधी यंत्र तर नीट घडवा, असं त्याचं म्हणणं. खिडकीतून इंजिनाचा कोळसा यायचा, तो खिडकी लावायचा, मी उघडायची. आबा जागे झाले तेव्हा आमची भाकरी तो खात होता.

आम्ही दोघांनी मद्रासलाही अर्ज केला होता. जूनअखेरीस निकाल आले. मला कानपूरही मिळालं आणि मद्रासही. पोपटचं पत्र आलं, त्याला फक्त मद्रास.

आबा म्हणाले, तुला पाहिजे तिथं जा. पण पाहिजे होतं काय? कानपूरला मला हवा तो विषय होता, मद्रासला मला हवं ते माणूस. मी रोज एक ठरवायची आणि रोज मोडायची.

एके दिवशी पोपट एसटीनं शिरूरला आला. मावशीकडं आलो होतो, म्हणाला. शिरूरमध्ये त्याची कुणी मावशी नव्हती, तरी आबांनी चहा पाजला. मग आम्ही घोडनदीच्या काठी गेलो.

"मद्रासही काही वाईट नाही," मी म्हणाले.

"न्हाईच."

"तिथं समुद्र आहे."

"हाय की."

त्यानं फक्त 'ये' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"मी मद्रासला नसतो, तर तुम्ही कुठं गेला असता?" त्यानं विचारलं.

"कानपूरला…"

"मग तिथंच जा. माझ्यासाठी मद्रासला आलात, आन् पुढं कवातरी तो विषय आठवला, तर माझ्याकडं कशा बघाल? ते मला सोसायचं न्हाई."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला भयंकर राग आला. निघताना त्यानं विचारलं, कधी जाणार? मी म्हणाले, गुरुवारी. तो "बरं" म्हणाला आणि एसटीत चढला.

शिरूरचं माणूस मनमाडकडं जायचं तर सरळ नगर गाठतं आणि तिथं गाडी धरतं. दौंड म्हणजे उलटा वळसा. मी आबांना म्हटलं, नगरला बसायला जागा मिळत नाही, दौंडला जाऊ. आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "व्हय, जागेचं बघायलाच पायजे," म्हणाले.

दौंडला भुरभुर पाऊस होता. गाडी आली, इंजिन सुटलं. ते फिरून मागं लागेपर्यंतचा सगळा वेळ मी त्याच्यासाठी राखून ठेवला होता. प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडं मी मान वळवून बघितलं. त्याचं घर स्टेशनामागंच, तरी तो आला नाही. इंजिन जोडल्याचा हिसका बसला आणि गाडी आली त्याच दिशेनं निघाली. या वेळी ती परतत नाही, हे मला ठाऊक होतं… आणि परतावी असं फार वाटत होतं.

"डोळ्यात कोळसा गेला असंल," आबा म्हणाले. मी हो म्हटलं.

नगरला गाडी थांबली, तर पोपट एकेका डब्यात डोकावत पळत येत होता. हातातल्या रुमालात कोमेजलेला सोनचाफा.

"सकाळपास्नं हितं हाय," तो धापा टाकत म्हणाला. "शिरूरच्या समद्या एसट्या बघितल्या. तुम्ही दौंडकडनं कशा…"

आणि तो मध्येच थांबला. त्याला कळलं होतं.

"घरामागचं स्टेशन सोडून तुम्ही इथं कशाला आलात?" मी विचारलं.

"तुम्ही दौंडला कशाला गेला, त्यालाच."

आबा तांब्या उचलून म्हणाले, पाणी घेऊन येतो, आणि खाली उतरले. तेवढ्यात गार्डची शिट्टी झाली.

"नदीवर मला हवा होता तो एक शब्द बोलला नाहीत," मी म्हणाले. "आता तरी बोला."

गाडी हलली. तो शेजारून चालू लागला. खिडकीच्या गजावर माझा हात होता, त्यावर त्याचा.

"ये," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरी. "शिकून ये. मग लगीन करू. आन् येताना दौंडला उतर… नगरला न्हाई."

मी मान हलवली.

आबा घाईघाईनं डब्यात चढले आणि तांब्या बाकाखाली ठेवला. नेला तेव्हाही तो भरलेलाच होता.