शेजारच्या फळीवरचं पाणी

"ओत ना रे पाणी," मॉनिटर म्हणाला. "भांडं धरून समाधी लावलीस की काय?"

टिल्लूने भांडं खाली ठेवलं आणि नुसती मान हलवली. सकाळपासून तो असाच होता.

समोरच्या फळीवर त्यांचं अख्खं राज्य पसरलं होतं. कागदाच्या लगद्याचे डोंगर, बोटाने कोरलेल्या नद्या आणि राजधानीच्या जागी रोवलेली लाल लाकडी खुंटी. चिमणी आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू शाळेत जात नसत. आजोबा त्यांना घरीच शिकवत. एक एक राज्य घ्यायचं. आधी त्याचा इतिहास, गोष्टीसारखा. मग लगदा भिजवून त्याचा भूगोल. तेलरंग वाळला की फळीवर पाणी ओतायचं आणि आजोबा विचारायचे, "हे पाणी आलं कुठून आणि चाललं कुठे?" ते सांगता आलं की राज्य पास. मग ती लाल खुंटी टिल्लूच्या डबीत जायची.

"मजा आहे तुमची," मावशीचा मुलगा मॉनिटर सुट्टीला आला की दरवर्षी म्हणायचा. हॉस्टेलच्या शाळेत तो खरोखरच मॉनिटर होता.

"मजा कसली? तुला सुट्टीपुरता गृहपाठ असतो, आमचा सगळाच गृहपाठ," चिमणी म्हणायची, आणि आजोबा सर्वांत मोठ्याने हसायचे.

या सुट्टीत मात्र घरात कुणी हसत नव्हतं. गावाच्या तळ्याचं पाणी अचानक तपकिरी झालं होतं. काठाला फेस, फेसात मेलेले मासे आणि वाऱ्याबरोबर घरात शिरणारा घाण वास. ते पाणी पिऊन निम्मं गाव आजारी पडलं. आजोबा तर अंथरुणालाच खिळले. पाणीखात्याचे साहेब आले, तळ्याच्या पायऱ्यांवर रंगाचे डाग पाहिले आणि डागांचा माग काढत थेट चिमणीच्या व्हरांड्यात पोहोचले. तिथे रंगाच्या वाट्या वाळत होत्या.

"ब्रश तळ्यावर कुणी धुतले?" त्यांनी विचारलं.

ते टिल्लूने धुतले होते. त्याने हात वर केला. त्यानंतर तो बोललाच नाही.

त्याच रात्री आईने चिमणीला स्वयंपाकघरात बोलावलं. "आजोबा कधी उठतील सांगता येत नाही. मला कामावर जावं लागतं. त्यात लोक बोलतात, मोकाट पोरं म्हणून. सुट्टी संपली की तुम्ही दोघं मॉनिटरबरोबर हॉस्टेलला जायचं."

"आई, टिल्लूला नको ना पाठवू. मागच्या वेळी शाळेत…"

"माहीत आहे मला." आई पाठ फिरवून ओटा पुसत राहिली. तो आधीच स्वच्छ होता.

मागच्या वेळी शाळेत टिल्लू अडखळत बोलायचा म्हणून मुलं त्याची नक्कल करायची, आणि मग त्याने बोलणंच सोडून दिलं होतं. आजोबांच्या फळ्यांपाशी बसून बसून त्याला पुन्हा कंठ फुटला होता. आता ते सगळं पाण्यात जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चिमणी तळ्यावर गेली. डोंगराच्या पायथ्याशी दगडांच्या फटीतून झरा तळ्यात पडतो, तिथे फेस सर्वांत दाट होता. त्यात काहीतरी हिरवं अडकलं होतं. काठीने ओढून पाहिलं तर झालरीसारखं लांब पान.

घरी येऊन तिने ते मॉनिटरच्या नाकापुढे धरलं. "हे काय आहे?"

"नेचा. पुस्तकात चित्र आहे की. ओलसर जागी उगवतो."

"आपल्या राज्यात कुठे ओलसर जागा आहे? पाऊस सगळा डोंगरापलीकडे पडतो. नेचा असतो तो शेजारच्या राज्यात."

"मग तो काय आगगाडीने आला?"

चिमणीने माळ्यावरून शेजारच्या राज्याची फळी काढली आणि आपल्या राज्याच्या फळीला भिडवून ठेवली. इतक्या दिवसांत हे कुणी केलंच नव्हतं. एक राज्य संपलं की ते माळ्यावर जायचं, मग दुसरं. शिवाय प्रत्येक फळीला कडेने चिमणीनेच लगद्याची उंच कड केली होती, छान दिसते म्हणून. आजोबा ती कड पाहून एवढंच म्हणाले होते, "राहू दे. कधीतरी तुझं तुलाच कळेल."

आता दोन कडा पाठीला पाठ लावून भिंतीसारख्या उभ्या होत्या. भिंतीच्या अलीकडे त्यांचं तळं. पलीकडे, अगदी समोरासमोर, एक खोलगट खड्डा.

"मॉनिटर, ही दोन राज्यं एकच होती तेव्हाची गोष्ट आठवते? दुष्काळ पडला आणि लोकांनी डोंगरातून भुयार खणून पलीकडचं पाणी इकडे आणलं…"

"ती गोष्ट होती गं."

"आजोबा इतिहासाच्या तासाला खोटी गोष्ट सांगतील?"

टिल्लू उठला, कोपऱ्यातून आपली डबी घेतली आणि चपला घालून दारात उभा राहिला.

डोंगर चढायला त्यांना सगळी सकाळ लागली. माथ्यावर हद्दीचा दगड होता. त्याच्या पलीकडे धुकं, चिखल आणि जिकडेतिकडे नेचे. थोडं उतरल्यावर तो वास आला. तळ्यावरचाच, पण शंभरपट. खाली कातडी कमावण्याचा कारखाना होता आणि एक टँकर खड्ड्यात तपकिरी पाणी सोडत होता.

"तुम्ही दोघं झुडपातून जा," मॉनिटर कुजबुजला. "मी वाट चुकतो."

तो रडवेला चेहरा करून ड्रायव्हरपुढे उभा राहिला. "काका, आमची सहल कुठल्या बाजूला गेली?"

"सहल? इथे? नाक नाही का तुमच्या मास्तरांना?"

"त्यांना सर्दी झालीय. काका, हा खड्डा भरून वाहत नाही का?"

"अरे, हा कधी भरतच नाही. कितीही ओता, पितो बिचारा," ड्रायव्हर हसला. "फुकटचा खड्डा मिळालाय मालकाला."

तोवर चिमणी आणि टिल्लू खड्ड्याच्या दुसऱ्या कडेला पोहोचले होते. तिथे दगडी कमानीखाली पाणी गर्रकन फिरून आत जात होतं. टिल्लूने डबी उघडली. आत त्याने पास केलेल्या सगळ्या राज्यांच्या राजधान्या होत्या.

"सगळ्या नको टाकूस," चिमणी म्हणाली. "परत मिळतील असं नाही."

त्याने डबी उपडी केली. लाल खुंट्या भोवऱ्यात सापडल्या आणि अंधारात दिसेनाशा झाल्या.

दुपार कलताना पाणीखात्याचे साहेब तळ्याच्या काठी उभे होते. मॉनिटरने त्यांना अक्षरशः ओढून आणलं होतं. आईही कामावरून आली होती.

"डोंगरात काही नाही," साहेब म्हणाले. "मी नकाशा पाहिलाय."

"डोंगराच्या पलीकडे काय आहे त्यात?" चिमणीने विचारलं.

"पलीकडे दुसरं राज्य. तो भाग आमच्या नकाशात पांढरा असतो."

"मग पाण्याला कसं कळतं, कुठे पांढरं सुरू होतं ते?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. झऱ्यातून फेस येत होता, दुसरं काही नाही. "पोरांनो, मला कामं आहेत," म्हणत ते वळले. आईने टिल्लूच्या खांद्यावर हात ठेवला. चिमणीला तिच्याकडे बघवेना.

"थां… थांबा," टिल्लू म्हणाला.

दगडांच्या फटीतून एक लाल ठिपका बाहेर पडला, फेसात बुडाला आणि वर आला. मग दुसरा. साहेब चामड्याच्या बुटांसह पाण्यात उतरले आणि त्यांनी ती खुंटी उचलली. तपकिरी, घाण वासाची, पण राजधानीच. बराच वेळ ते ती हातात फिरवत राहिले.

"ही कुठे टाकली होती?"

"प-पलीकडे. पांढऱ्या भागात," टिल्लू म्हणाला.

साहेबांनी त्याच्यापुढे मान खाली घातली. "मी चुकलो, बाळ. पायऱ्या पाहिल्या, डोंगर नाही पाहिला. तुम्हा तिघांमुळे गाव वाचलं."

पुढच्या आठवड्यात दोन्ही राज्यांचे अधिकारी प्रथमच एकत्र डोंगरावर गेले. कारखान्याचं पाणी बंद झालं. मासे मात्र परत आले नाहीत. तळं स्वच्छ व्हायला वर्ष तरी जाईल म्हणतात. खुंट्याही सगळ्या नाही मिळाल्या.

मॉनिटर हॉस्टेलला एकटाच गेला. आईने बाकीच्या दोघांचे कपडे बॅगेतून काढून पुन्हा कपाटात रचले.

आजोबा अजून उशीला टेकूनच बसत. त्यांच्या पायाशी चिमणीने दोन्ही फळ्या मांडल्या आणि चाकूने मधली कड कापून टाकली. टिल्लूने भांडं उचललं. पाणी पलीकडच्या डोंगरातून उतरलं, खड्ड्यात फिरलं आणि अलीकडे आलं.

"पाणी आलं कुठून?" आजोबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"शे… शेजारून," टिल्लू म्हणाला.

"पास," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. "आता त्याच्याही शेजारचं राज्य काढ."