मेपल कोर्टची रांगोळी

मंगळवारी सकाळी साडेआठला फोन वाजला, तेव्हा देवदत्त केळकर नकाशावरचा एक ओढा तपासत होता.

ओढ्याच्या अलीकडे हॅलोवे शाळा-जिल्हा, पलीकडे पाइन रन. दोन्ही जिल्ह्यांच्या शाळाबसचे मार्ग आखणाऱ्या सामाईक कार्यालयात तो नोकरीला होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात माणसे अनोळखी माणसाला ओढ्याच्या कुठल्या बाजूचा, एवढेच विचारत. आणि उत्तर ऐकून पुढचे सारे ठरवत.

फोन क्रीडा समितीच्या लोरेन हॉज यांचा होता.

“हॅलोवेच्या फुटबॉल टीमची किकर, हर्षिता जाधव. ती पाइन रनमध्ये राहते, असं निनावी पत्र आलंय. सोबत फोटो आहे. गुरुवारी चारला सुनावणी. पत्ते तपासणं तुझं काम, आणि शिवाय तू मराठी आहेस.”

त्या ‘शिवाय’वर देवदत्त क्षणभर अडला. मग त्याने पत्र उघडले.

इंग्रजीतले तीन परिच्छेद. जाधव कुटुंबाने हॅलोवेतला पत्ता केवळ नावाला दिला आहे. त्यांचे खरे बिऱ्हाड मेपल कोर्ट, दोन-बी, पाइन रन येथे आहे. जिल्ह्यात राहणाऱ्यांनीच जिल्ह्याच्या संघातून खेळावे असा नियम आहे; म्हणून शुक्रवारी पाइन रनविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात या मुलीला खेळू देऊ नये. बस्स, एवढेच मागणे.

फोटोत एक दार होते. ‘जाधव’ अशी पाटी. दारावर तोरण, वर आकाशकंदील, उंबऱ्याशी पांढरी रांगोळी आणि आत जाणारी लक्ष्मीची पावले. फोटो रविवारचा. कालच लक्ष्मीपूजन झालेले. चालू आठवड्यातल्या नांदत्या घराचा याहून बोलका पुरावा कुठला?

देवदत्तला स्वतःच्या रिकाम्या खोलीतला न लावलेला दिवा आठवला, आणि त्या दाराचा थोडा हेवाही वाटला.

*

जाधवांचे हॅलोवेतले घर गल्लीच्या टोकाला होते. समोरच्या गाडीची काच अंड्यांनी बरबटलेली. रवी जाधव पाण्याची नळी घेऊन ती धूत होते.

“बातमी पोचली वाटतं सगळीकडे,” देवदत्त म्हणाला.

“दोन्हीकडे. इकडचे म्हणतात आम्ही फसवलं, तिकडचे म्हणतात आम्ही पळालो.”

दारात मीराताई होत्या. देवदत्तने बूट काढता काढता सवयीने म्हटले, “दिवाळीच्या शुभेच्छा, ताई.”

“बसा. आमचा सण दसऱ्यालाच झाला,” त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या.

खोली नीटनेटकी होती. कपाटावर बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातल्या बाबासाहेबांची तसबीर, तिच्यापुढे पांढरी फुले. हर्षिता पायरीवर बसून बुटाच्या नाड्या ओवत होती. सतरा वर्षांची, सडपातळ, डोळ्यांत झोप नसलेली.

“मेपल कोर्टचं घर कुणाचं?” देवदत्तने विचारले.

“आमचंच होतं. जुलैत इथे आलो,” रवी म्हणाले. “लीज डिसेंबरपर्यंत आहे. तोडता आली नाही.”

“वीज?”

“चालू ठेवावीच लागते. पाइप गोठू नयेत म्हणून. अटच आहे तशी.”

“म्हणजे कागदावर तुम्ही अजून तिथेच आहात.”

“कागदावर आम्ही कायमच कुठेतरी लटकलेले असतो, केळकर. माझा व्हिसा रिन्यूअलला गेलाय. अशा वेळी माझ्या नावापुढे फ्रॉड हा शब्द लागला तर काय होईल, सांगा.”

हर्षिताने नाडी घट्ट ओढली. “अँड आय लूज द सीझन. पाइन रनच्या कोचने मला ट्रायसुद्धा करू दिलं नव्हतं. म्हणाला, गो प्ले सॉकर. इथे मी खेळले. पाचही गेम्स जिंकलो.”

“इथे कुणाला राग असेल असा?”

“माझ्या आधी शिव किकर होता. शिव सबनीस. आता तो होल्डर आहे, माझ्यासाठी बॉल जमिनीवर उभा धरतो. पण ही इज नाइस. आम्ही सॉकर क्लबला एकाच कारने जायचो, त्याचे डॅड मेपल कोर्टला पिक करायचे.”

“घरी यायचे ते?”

“नेव्हर. खालून हॉर्न द्यायचे.”

*

पाइन रनचे प्रशिक्षक होल्टन यांनी देवदत्तला खुर्ची दिली नाही.

“त्या मुलीबद्दल आलायस? पत्र मी पाठवलेलं नाही. पाठवलं असतं तर सही करून पाठवलं असतं.”

“पण तुम्हाला आनंद झाला.”

“झालाच! हॅलोवेवाल्यांना नियम म्हणजे काय ते एकदा कळू दे. अपात्र खेळाडू मैदानात उतरला की जिंकलेले सगळे सामने जातात. पाचही. इथलं शेंबडं पोरही सांगेल तुला हे. मी असतो तर पहिल्याच ओळीत पाचही विजय मागितले असते.”

खिडकीबाहेर मैदान दिसत होते: गुळगुळीत, हिरवेगार, नजरेला किंचित खोटे वाटणारे.

“नवीन टर्फ, कृत्रिम गवत,” होल्टन म्हणाले. “रेषा विणूनच आल्यात. त्या हॅलोवेवाल्यांना विचार. ते अजून गवतावर डबा ओढत पांढरी पूड सांडतात. शेतकरी लेकाचे.”

“आणि शुक्रवारी हरलात तर?”

“चालता हो.”

*

मेपल कोर्टच्या व्यवस्थापक बाईंनी खांदे उडवले. भाडे वेळेवर येते. आत कोण झोपते ते त्या पाहत नाहीत. जिन्याला कुलूप नाही.

दोन-बीचे दार छत असलेल्या सज्जात होते. कंदील अजून लटकत होता, पण त्यात दिवा नव्हता, वायरही नव्हती. लक्ष्मीची पावले तेवढी जपून काढलेली, सरावाच्या हाताची.

देवदत्तने वाकून चिमूटभर रांगोळी उचलली. लहानपणी आई अंगणात रांगोळी काढायची, तेव्हा ती तिच्या बोटांमधून वाळूसारखी सरसरत खाली यायची. कण न् कण वेगळा. ही पूड तशी नव्हती. पिठासारखी मऊ होती, बोटाला चिकटून राहत होती. झटकली तरी जाईना.

त्याने ती कागदाच्या पुडीत बांधली आणि बराच वेळ दाराकडे पाहत उभा राहिला. ते दार काहीतरी सांगत होते, आणि ते ऐकू न येण्याचे कारण आपल्यातच आहे, असे त्याला उगीच वाटत राहिले.

*

बुधवारी दुपारी हॅलोवेच्या मैदानावर शिवचे वडील प्रल्हाद सबनीस चाकाचा डबा ढकलत होते. मागे पांढरी रेषा उमटत होती, आखणीपट्टीने ओढावी तशी सरळ. पालकांच्या क्लबचे ते अध्यक्ष; गावातल्या छोट्या मराठी मंडळाचेही. काळ्या बुटांवर पूड साचलेली.

“ये रे देवदत्ता! शनिवारी फराळाला येतोयस ना? आमच्या हिने चकल्या केल्यात. पुण्याच्या तोंडात मारतील अशा.”

“बघतो काका. रेषा तुम्हीच मारता?”

“तीन वर्षं झाली. पूड ठेवतो त्या शेडच्या किल्ल्या दोनच, एक कोचकडे, एक माझ्याकडे. अमेरिकन लोकांना सरळ रेषा येत नाही यार.” ते हसले, मग आवाज खाली आला. “जाधवांचं काय झालं? वाईट वाटतं. पण मी म्हणतो, नियम तो नियम. दोन दगडांवर पाय कशाला?”

“तुमची ओळख आहे त्यांच्याशी?”

“ओळख कसली! मंडळात एकदाही फिरकले नाहीत. गणपतीला नाही, कोजागिरीला नाही. शिष्ट आहेत जरा.”

“शुक्रवारी हर्षिता नसली तर?”

“तर शिव मारेल किक. टीमचं काय अडतंय? पाच मॅचेस जिंकलेल्या आहेतच.”

बुटाची नाडी बांधायला म्हणून देवदत्त खाली वाकला, आणि रेषेवरून एक बोट फिरवून त्याने चिमूटभर पूड खिशात टाकली.

त्या संध्याकाळी त्याने तो फोटो पुन्हा उघडला. कंदील. तोरण. पावले. आणि मग एकाएकी त्याला मीराताईंचे ते एक वाक्य ऐकू आले, जे काल कानांवर पडूनही त्याने ऐकले नव्हते.

त्याचा चेहरा शरमेने तापला.

*

गुरुवारी चारला लोरेन हॉज यांच्या टेबलाभोवती सगळे बसले: एका बाजूला होल्टन, दुसऱ्या बाजूला जाधव, आणि हॅलोवेच्या पालकांतर्फे सबनीस. कुणी कुणाकडे पाहत नव्हते.

देवदत्तला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. पहिले वाक्य त्याने टेबलालाच सांगितले.

“हे पत्र पाइन रनमधून आलेलं नाही.”

“मग काय चंद्रावरून?” मागे उभ्या पालकांतून कुणीतरी म्हणाले.

“पत्रात काय मागितलंय ते पाहा. हर्षिताने शुक्रवारी खेळू नये. जिंकलेल्या पाच सामन्यांचा उल्लेख नाही. मिस्टर होल्टन, तुम्ही काय केलं असतं?”

“पाचही मागितले असते. सांगितलंय तुला.”

“म्हणजे लिहिणाऱ्याला नियम ठाऊक नव्हता. हे सामने जावेत असं त्याला वाटतच नव्हतं. ते त्याचेच होते. त्याला फक्त एक जागा रिकामी करायची होती.” त्याने दोन पुड्या टेबलावर ठेवल्या. “ही मेपल कोर्टच्या दारातली रांगोळी. ही हॅलोवेच्या मैदानावरची पूड. बोटांनी पाहा. रांगोळी खरखरीत असते. या दोन्ही पिठासारख्या आहेत. पाइन रनच्या मैदानाला पूड लागत नाही. रांगोळी विकणारं दुकान इथून तीन तासांवर आहे. रविवारी घाई असलेल्या माणसाने हाताशी होतं ते वापरलं.”

सबनीसांनी हात टेबलाखाली घेतले.

“पण पूड चोरताही येते,” लोरेन म्हणाल्या.

“येते. पण लक्ष्मीची पावलं कशी काढतात ते होल्टनना ठाऊक नाही. हे दार मराठी माणसाने सजवलं. फोटो याच आठवड्यातला वाटावा, म्हणून दिवाळीची सजावट केली. कल्पना चांगली होती. फक्त जाधवांचं घर त्याने आतून कधी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं, तर ही सजावट केली नसती. हे कुटुंब बौद्ध आहे. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजन होत नाही. या दारात कंदील नसता, तर मला काहीच सिद्ध करता आलं नसतं.”

मग, इतका वेळ इंग्रजीत चाललेल्या त्या बैठकीत, सबनीस एकदम मराठीत बोलले.

“अहो, पण जाधव ना तुम्ही? मला काय माहीत... मला वाटलं, आपल्यातलेच...”

वाक्य तिथेच तुटले. आपण काय कबूल केले, हे त्यांना त्यानंतर कळले.

मीराताई शांतपणे म्हणाल्या, “तीन महिने आमची मुलगी तुमच्या गाडीत बसत होती, सबनीस. एकदा वर येऊन चहा घेतला असतात, तर कळलं असतं.”

“शिव चार वर्षं राबलाय,” सबनीस पुटपुटले. “शेवटचं वर्ष आहे त्याचं. आणि एक मुलगी येते, सहा आठवड्यांत त्याची जागा... पाच मॅचेस जातील हे मला खरंच माहीत नव्हतं हो. मी टीमचं वाईट कशाला करीन?”

“टीमचं,” रवी म्हणाले. “माझ्या घराचं वाईट झालेलं चाललं असतं.”

लोरेननी देवदत्तकडून सारे इंग्रजीत समजून घेतले. फोटो खोटा होता, आणि जाधवांचे हॅलोवेतले नांदते घर देवदत्त स्वतः पाहून आला होता; हर्षिता पात्र ठरली. सबनीसांकडून शेडची किल्ली तिथल्या तिथे मागून घेण्यात आली. होल्टन उठताना एवढेच म्हणाले, “शेवटी तुमच्याच घरातले निघाले. शुक्रवारी भेटू.”

बाहेर व्हरांड्यात देवदत्तने मीराताईंना गाठले. “ताई, परवा तुमच्या दारात मीही तेच केलं. न विचारता शुभेच्छा दिल्या. तुम्ही सांगितलंत, तेही ऐकलं नाही.”

“ऐकलंत की,” त्या म्हणाल्या. “एक दिवस उशिरा.”

*

शुक्रवारी मैदानावरच्या रेषा किंचित वाकड्या होत्या. पाइन रनचे प्रेक्षक एका सुरात ओरडत होते, “घर कुठलं? घर कुठलं?” आणि हॅलोवेचे प्रेक्षक, ज्यांची ती खेळाडू होती, गप्प बसले होते. पालकांच्या बाकावर सबनीसांची जागा रिकामी होती.

दुसऱ्या सत्रात हॅलोवेने गोलरेषा ओलांडली. एका जादा गुणाच्या किकसाठी हर्षिता धावत मैदानात आली.

तिच्यापुढे शिव गुडघ्यावर बसला. चेंडू त्याच्या हातात येणार होता. तो बोटभर तिरका धरला असता, तरी कुणाला कळले नसते. देवदत्त कठड्याला धरून उभा होता. रवी त्याच्या शेजारी.

शिवने मान वळवली. हर्षिताने मान हलवली.

चेंडू आला. शिवने तो टेकवला, शिवण पुढे फिरवली, आणि एका बोटाखाली सरळ उभा धरला. त्या बोटावर मैदानाची पांढरी पूड होती. दुपारभर एकट्यानेच रेषा मारल्या होत्या त्याने.

चेंडू दोन खांबांच्या मधोमध गेला. “घर कुठलं”चा गजर मध्येच तुटला. हर्षिताने शिवला उठायला हात दिला, आणि ती परतली तेव्हा तिच्या तळव्यालाही पूड लागलेली होती. तिने ती झटकली नाही.