मुखरूची जागा

ही गोष्ट खरी आहे. आयुष्यभर मी ज्या थापा मारल्या, त्या लोकांनी हसत हसत खऱ्या मानल्या. ही मानली नाही तरी माझी हरकत नाही. उलट बरंच.

तारीख दहा नोव्हेंबर २०२४, रविवार. वेळ दुपारी तीनची, लख्ख उन्हाची. भुतांनी रात्रीच यावं असा नियम आहे खरा, पण आमच्याकडे नियम पाळतो कोण?

निकेश हा माझ्या चुलत बहिणीचा, कुंताचा थोरला. मूल गावच्या एका जुन्या टॉकीजमध्ये पडद्याचं मशीन सांभाळायचा. टॉकीज बंद पडायच्या बेतात होती. सिनेमाला माणसांपेक्षा वटवाघळं जास्त. तेव्हा याच्या डोक्यात आलं, मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली, दंडार थेट पडद्यावर दाखवायची. नाच तिकडे गडचिरोलीच्या जंगलात, धानोऱ्याच्या पलीकडे. प्रेक्षक इकडे मूलमध्ये, गादीच्या खुर्चीत, पॉपकॉर्न खात.

गावाचं नाव सांगत नाही. गावकऱ्यांनी शपथ घातली आहे.

तिकडे कॅमेऱ्यावर त्याचा धाकटा भाऊ आदेश. बावीस वर्षांचा. कानात इअरफोन, निकेशशी फोन सतत चालू. इकडे हॉल कित्येक वर्षांनी खच्चून भरलेला.

दंडार सुरू झाली. पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर. हातात टिपऱ्या. प्रत्येकाची टिपरी समोरच्याच्या टिपरीवर.

एका रांगेत मधलीच एक जागा रिकामी होती.

तिच्या समोरचा म्हातारा केवळराम दर ठेक्याला नुसतीच हवेत टिपरी मारत होता...

आणि आवाज येत होता.

शेजारच्यांचा असेल, असं निकेशला वाटलं.

हॉलमधून कोणीतरी ओरडलं, "अबे, दंडारीचा मधातला दात पडला का?" लोक हसले. निकेशला ते झोंबलं.

"आदेश, ती जागा खाली काऊन आहे?"

"मुखरूभाऊची व्हय. पोळ्याच्या आधी मेला ना तो. साल होयेपर्यंत कोणी उभं राहत नाई म्हणे."

"पडद्यावर बेकार दिसून राह्यलं. कॅमेरा स्टँडवर लाव अन् तू उभा राय."

"केवळरामभाऊ नाई म्हणते."

"काऊन?"

"म्हणते, मुखरू जित्ता होता तवाबी कोणाले उभं राहू देत नोहोता."

मुखरू सरळ स्वभावाचा होता, असं मी नंतर ऐकलं. म्हणजे सरळ मारायचा. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या एकाची दोन बोटं त्यानं टिपरीनं ठेचली होती.

"शो माहा आहे, मुखरूचा नाई," निकेश म्हणाला. "उभा राय."

आदेश उभा राहिला. लाजत, हसत. रांग भरली. हॉलनं टाळ्या वाजवल्या.

पाचसहा ठेके नीट गेले.

मग आदेशच्या मागून... एक टिपरी वर आली.

ती धरलेला हातही दिसत होता. कोपरापर्यंत. कोपराच्या मागे कोणी नव्हतं.

पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानावर. तिसऱ्याला कपाळ फुटलं. ओठ फाटून लोंबला, सदरा छातीपर्यंत लाल झाला. समोर केवळराम शांतपणे नाचत होता. बाकीचेही.

हॉल शिट्ट्या मारत होता. "काय मेकअप केला बे."

"आदेश, निंग तिथून. आत्ता निंग."

"काऊन?" इअरफोनमधला आवाज हसरा होता. थोडी धाप लागलेली, एवढंच. "आत्ता तं रंग चढून राह्यला, भाऊ. कसा दिसतो मी?"

"तुले मारून राह्यलं ना कोणी."

"कोण?"

त्याच क्षणी पडद्यावर आदेशचा डावा हात... कोपरातून उलटा वळला.

"तुले दुखत नाई?"

"काय दुखन? तुले काय झालं, भाऊ?"

निकेशला बघवेना. त्यानं वायर उपटली.

पडदा काळा झाला. हॉल बोंबलला.

आणि फोनमध्ये... टिपरीचा आवाज आला.

लाकडावर लाकूड पडलं की आवाज कोरडा येतो. हा ओला होता.

आदेश आता हसत नव्हता. गुरासारखा हंबरत होता. मधूनच शब्द फुटत होते.

"भाऊ... बंद काऊन केलं... चालू कर... चालू कर ना, भाऊ..."

निकेशनं वायर परत खोचली. दोनदा चुकली. ते मशीन सुरू व्हायला पावणेदोन मिनिटं घेतं. घाई करून काही उपयोग नसतो, हे त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं.

पडदा उजळला तेव्हा नाच थांबला होता. माणसं घोळका करून उभी होती. मधे जमिनीवर जे पडलं होतं, त्याचं डोकं कोणत्या बाजूला आहे हे कळायला निकेशला वेळ लागला.

प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पोलिसांनी सगळ्यांच्या टिपऱ्या जप्त केल्या. एकीवरही रक्त नव्हतं. केवळराम म्हणाला, "सायब, पोरगा चांगला नाचत होता. एकाएकी पडला, अन् पडल्या पडल्या फुटत गेला." जबाबात 'फुटत गेला' खोडून 'चक्कर आली' असं लिहिलं आहे. एकतीस हाडं मोडणारी चक्कर मी तरी कधी ऐकली नव्हती.

"मामा," निकेश मला म्हणाला, "पडद्यावर मार खात होता तोवर माहा भाऊ जित्ता होता. म्या बंद केलं."

तेव्हापासून त्यांच्या घरचा टीव्ही बंद होत नाही. आवाज नसतो. चित्र असतं.

मागच्या महिन्यात मी दुपारी जेवायला गेलो होतो. भात, लाखोळीची डाळ. टीव्हीवर कसलीशी मालिका मुक्यानं भांडत होती. सव्वा वाजता लाइन गेली.

चित्र विझलं.

कुंतानं ताटं बाजूला सरकवली. निकेशनं शर्ट काढून खुंटीला अडकवला. पाठीवर काळे पडलेले वळ होते. त्यांच्यावर निळे. त्यांच्यावर ताजे.

"मामा, तुम्ही भायेर बसा. तुमाले पाहवणार नाई."

"इन्व्हर्टर घे ना," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

"घेतला होता. तीन दिवसांत जळला. दुसराबी जळला."

त्यानं दोन्ही हात भिंतीला टेकले.

मी अंगणात आलो. कुंतानं रिकाम्या हातांनी आतून कडी लावली.

लाइन यायला वीस मिनिटं लागली. तोवर मी उन्हात उभा राहून टिपरीचा तो ओला आवाज ऐकत होतो...

ठेका एकदाही चुकला नाही.